मेंढपाळ बदलतो तेव्हा

कॅथलिक ख्रिस्ती बांधवांच्या मिस्सेतील मुख्य प्रार्थनेत दोन व्यक्तींची नावे रोज उच्चारली जातात. पहिले नाव रोमच्या पोप महोदयांचे असते आणि दुसरे स्थानिक बिशपांचे. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत कोठल्याही कॅथलिक चर्चमध्ये गेले, तरी हे दुसरे नाव एकच ऐकू येते. हे पाचही जिल्हे अमरावती धर्मप्रांतात मोडतात. बिशपांचे आसन रिकामे झाले, की ते दुसरे नाव प्रार्थनेतून गळते. तात्पुरता कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूचे नाव तेथे घेतले जात नाही; प्रार्थना नावाशिवाय पुढे सरकते. चर्चमध्ये रोज येणाऱ्या आजीबाईंना धर्मप्रांताच्या कारभारातले काही ठाऊक नसले, तरी हे रिकामेपण त्यांना पहिल्याच सकाळी कळते.

वऱ्हाडात हे नाव २००६ ते २०१८ या बारा वर्षांत तीनदा गळले. बिशप एडविन कोलासो २००६ मध्ये औरंगाबादला गेले. त्यांच्यानंतर २००७ मध्ये नियुक्त झालेले लूर्ड्स डॅनियल २०१० मध्ये नाशिकला गेले. २०१२ मध्ये आलेले एलियास गोन्साल्विस २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचे आर्चबिशप झाले. तिघांपैकी कोणी निवृत्त झाले नाही की कोणाचा मृत्यू झाला नाही. तिघांचीही बदली झाली. त्याआधी याच धर्मप्रांताने एकाच बिशपांच्या हाताखाली चाळीस वर्षे काढली होती. या दोन अनुभवांमध्ये एका छोट्या, विखुरलेल्या समाजाच्या आपलेपणाचे काय होते, हा प्रश्न चर्चपुरता मर्यादित नाही. तरीही चर्चच्या संदर्भात तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे नेतृत्वबदलाचा प्रत्येक टप्पा कायद्याने बांधलेला आहे.

शहरातील बहुसंख्य वाचकांना चर्चची ओळख असते ती शाळांमुळे. अकोल्यात होलीक्रॉस किंवा माउंट कार्मेल म्हटले, की प्रवेशाच्या रांगा आठवतात. या शाळांमागे असलेला भाविकांचा समाज मात्र फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एका टक्क्याहून किंचित कमी होती. त्यातील मोठा वाटा मुंबई, वसई, पुणे आणि अहमदनगरकडचा. वऱ्हाडातील प्रमाण राज्याच्या सरासरीच्याही बरेच खाली येते. मेळघाटातील कोरकू कुटुंबे, चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरसारखी वस्ती, गावोगावचे मराठी भाविक, रेल्वेच्या नोकरीने आलेली गोवेकर आणि तमिळ कुटुंबे, केरळातून आलेल्या परिचारिका आणि शिक्षिका, असा हा संमिश्र समाज आहे. त्यांची मातृभाषा एक नाही, जात एक नाही, घरच्या सणावाराच्या रीती एक नाहीत. त्यांना एकत्र ठेवणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्यांतली एक म्हणजे प्रार्थनेतले ते दुसरे नाव.

चाळीस वर्षांचे एक नाव

नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली. तेव्हापासून वऱ्हाडातील कॅथलिक मिशनचा कारभार नागपुरातून चाले. ८ मे १९५५ रोजी नागपूरमधून अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला आणि संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचे जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप झाले. त्यांची कारकीर्द १९९५ पर्यंत चालली.

काळ मोठा विलक्षण होता. धर्मप्रांत जन्मला तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. त्याच मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, असे त्यात म्हटले होते. परकीय मदतीवर अवलंबून न राहणारे एक संयुक्त, स्वतंत्र भारतीय चर्च उभे राहावे, अशीही शिफारस होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पाच वर्षांत राज्य दोनदा बदलले, धर्मप्रांताचे वरिष्ठ पीठ मात्र नागपूरच राहिले. पुढे १९७७ मध्ये मराठवाड्याचा भाग तोडून औरंगाबाद हा वेगळा धर्मप्रांत झाला.

या चाळीस वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला तो भाषेचा. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. उपासनाविधीसंबंधीचा तिचा दस्तऐवज १९६३ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि लोकभाषेला मिस्सेत प्रवेश मिळाला. तोपर्यंत प्रवचन आणि गीते मराठीत असली, तरी मिस्सेचा गाभा लॅटिनमध्ये होता. धर्मगुरू भाविकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहत. नव्या व्यवस्थेत ते भाविकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि प्रार्थनेला लोक मराठीत उत्तर देऊ लागले. आज हे इतके स्वाभाविक वाटते, की त्यातला धक्का लक्षात येत नाही. आयुष्यभर जी भाषा न समजताही पवित्र मानली, ती एकाएकी बाजूला पडली. समजू लागल्यामुळे काही जणांना प्रार्थना जवळची वाटली, तर काहींना तिचे गूढ हरवल्यासारखे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इतका खोल बदल झाला तेव्हा अमरावतीच्या आसनावर तीच व्यक्ती होती. याउलट २००६ नंतर आसनावरच्या व्यक्ती भराभर बदलल्या, पण उपासनेत वा श्रद्धेत काहीही बदलले नाही. नेतृत्व बदलले म्हणजे समाज बदलला आणि ते टिकले म्हणजे समाज स्थिर राहिला, हे सर्वसाधारण समीकरण वऱ्हाडच्या अनुभवात बसत नाही. ओळखीचा माणूस समोर असताना लोक मोठा बदलही पचवतात. माणूसच अनोळखी असेल, तर मिस्सेची वेळ अर्ध्या तासाने बदलली तरी कुरकुर होते.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथ याच पेचातून गेला. श्रीचक्रधर गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आले. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. ज्यांना ईश्वर मानले ते दोघेही नाहीत आणि समोर आहे तो आपल्यासारखाच एक शिष्य, अशा वेळी पंथ कसा टिकला, याच्या आठवणी ‘स्मृतिस्थळा’त नोंदल्या आहेत. नागदेवाचार्यांनी संस्कृत पंडितांच्या शिष्यसमुदायातही मराठीचा आग्रह धरला, कारण संस्कृतामुळे साध्यासुध्या स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. पीठ बदलले, भाषा राखली आणि माणसे टिकली. कॅथलिक समाजात सातशे वर्षांनंतर पीठ तेच राहिले आणि भाषा बदलली. दोन्हीकडे विचार होता तो शेवटच्या बाकावर बसणाऱ्याचा.

आसन रिकामे होते म्हणजे काय होते

कॅथलिक चर्चचा कारभार चालतो तो कॅनन लॉ या कायद्यानुसार. लॅटिन परंपरेसाठीची सध्याची संहिता १९८३ ची आहे. बिशपांनी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी पोपकडे राजीनामा सादर करावा, असे तिचे ४०१ वे कलम सांगते. मृत्यू, स्वीकारलेला राजीनामा, बदली किंवा पदच्युती यांपैकी काही घडले, की आसन रिक्त होते. बदलीचा प्रकार थोडा वेगळा आहे. बदलीचा आदेश मिळालेल्या बिशपांनी दोन महिन्यांच्या आत नव्या ठिकाणी सूत्रे घ्यायची असतात. तोवर जुन्या ठिकाणी त्यांच्याकडे केवळ प्रशासकाचे अधिकार उरतात. कालपर्यंत जे धर्मप्रांताचे पिता होते, ते आजपासून तेथले पाहुणे होतात.

आसन प्रत्यक्ष रिकामे झाल्यावर आठ दिवसांच्या आत सल्लागार मंडळाने एका धर्मगुरूची धर्मप्रांत प्रशासक म्हणून निवड करावी लागते. हे मंडळ सहा ते बारा धर्मगुरूंचे असते. ठरलेल्या मुदतीत निवड झाली नाही, तर तो अधिकार आर्चबिशपांकडे जातो. अर्थात रोम थेट स्वतःचा प्रशासकही नेमू शकते. प्रशासकाचे वय किमान पस्तीस असावे लागते. त्याच्याकडे बहुतेक अधिकार येतात, पण ४२८ वे कलम त्याला एका वाक्यात बांधून टाकते. आसन रिकामे असताना कोणतीही नवी गोष्ट करायची नाही, एवढेच ते वाक्य.

कागदावर हे शहाणपणाचे आहे. हंगामी माणसाने कायमचे निर्णय घेऊ नयेत, हे कोणत्याही संस्थेला पटेल. परंतु हा काळ लांबला, की त्याचे चटके गावपातळीवर बसतात. आसन रिक्त होऊन एक वर्ष उलटल्याशिवाय प्रशासकाला कोणत्याही चर्चसाठी कायमस्वरूपी प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाही. एखादे चर्च त्या काळात प्रमुखाविना झाले, तर तेथे तात्पुरता प्रशासक धर्मगुरू येतो. म्हणजे वरही हंगामी आणि खालीही हंगामी. नवी इमारत बांधायची की नाही, मराठी मिस्सेसोबत इंग्रजी वा हिंदी मिस्सा सुरू करायची की नाही, मेळघाटातील एखाद्या दूरच्या वस्तीला स्वतंत्र चर्चचा दर्जा द्यायचा की नाही, असे सारे प्रश्न ‘नवे बिशप आल्यावर पाहू’ या वाक्यापाशी येऊन थांबतात. अमरावतीत २०१० च्या नोव्हेंबरात रिकामे झालेले आसन २०१२ मध्ये भरले. २०१८ नंतरही त्यासाठी काही वर्षे लागली. पुढे पुणे धर्मप्रांतातील माल्कम सिक्वेरा यांची नियुक्ती झाली.

आणखी एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आसन रिकामे होताच धर्मगुरूंची परिषद विसर्जित होते आणि सामान्य भाविक ज्यात बसतात ती धर्मप्रांताची पालकीय परिषदही आपोआप संपते. हिशेब पाहणारी अर्थसमिती मात्र चालू राहते. पैशाच्या व्यवहारात खंड पडू नये हे समजण्यासारखे आहे. पण लोकांच्या म्हणण्यात खंड पडला तर चालेल, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो आणि तो काही मनाला पटत नाही. ज्या काळात लोकांना बोलण्याची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच काळात त्यांचे व्यासपीठ अस्तित्वात नसते.

विधींच्या बाबतीतही ही उणीव जाणवते. नव्या धर्मगुरूंना दीक्षा देण्याचा अधिकार केवळ बिशपांना असतो. पवित्र आठवड्यात वर्षभरासाठीचे क्रिस्मा तेल पवित्र करण्याचा विधीही बिशपच करतात. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा या संस्कारांत हेच तेल लागते. आसन रिकामे असेल तेव्हा शेजारच्या धर्मप्रांतातील बिशपांना निमंत्रण द्यावे लागते किंवा तेल तेथून आणावे लागते. अकोल्यातील एखाद्या बाळाच्या डोक्यावर लागणारे तेल त्या वर्षी परगावच्या बिशपांच्या हातचे असते. संस्काराला त्याने काही बाधा येत नाही. आईवडिलांच्या लक्षात मात्र ती गोष्ट राहते.

पुण्यात हललेले पान, अमरावतीत पडलेले फूल

अमरावतीचे बिशप वारंवार का गेले, याचे उत्तर अमरावतीत सापडत नाही. २०१० ची गोष्ट पाहा. पुण्याचे बिशप व्हॅलेरियन डिसोझा निवृत्त झाले आणि २००९ मध्ये वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे पुण्याला आले. वसईची जागा भरण्यासाठी त्याच वर्षी नाशिकहून फेलिक्स मच्याडो वसईला गेले. नाशिक रिकामे झाले, म्हणून २०१० मध्ये अमरावतीहून लूर्ड्स डॅनियल नाशिकला गेले. साखळी वऱ्हाडात येऊन थांबली आणि रिकामेपण शेवटी अमरावतीच्या वाट्याला आले. २०१८ मध्ये तेच घडले. नागपूरचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा यांचे एप्रिलमध्ये दिल्लीत आकस्मिक निधन झाले आणि डिसेंबरात गोन्साल्विस यांची नागपूरला नियुक्ती झाली.

सरकारी खात्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तरुण अधिकारी पहिल्या नेमणुकीवर मागास भागात येतो, काम शिकतो आणि मोठ्या ठिकाणी जातो. वऱ्हाडातील जिल्हे आणि मेळघाट यांनी असे किती तरी अधिकारी पाहिले आहेत. चांगला माणूस मिळाला याचा आनंद आणि तो टिकणार नाही याची खात्री, या दोन्ही भावना एकत्र नांदतात. बिशपपद मात्र अधिकाऱ्याच्या पदासारखे मानलेले नाही. बिशपांच्या बोटातील अंगठी धर्मप्रांताशी असलेल्या निष्ठेची, जणू विवाहाची खूण समजली जाते. म्हणूनच इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या पहिल्या विश्वपरिषदेने आपल्या पंधराव्या नियमात बिशपांनी एका नगरातून दुसऱ्या नगरात जाण्यास स्पष्ट मनाई केली होती. नियम प्राचीन काळातच शिथिल होत गेला. व्यवस्थेची गरज आणि नात्याची भाषा यांत ओढाताण झाली, तर व्यवस्थाच जिंकते, हे चर्चनेही फार पूर्वी मान्य केले, असे म्हणता येईल.

बदलीचा निर्णय भाविकांपर्यंत पोहोचतो तोही ठरलेल्या पद्धतीने. दिल्लीतील पोपचे राजदूत संभाव्य नावांची गुप्तपणे चौकशी करतात, तीन नावे रोमला पाठवतात आणि अंतिम निवड पोप करतात. राजदूतांना योग्य वाटल्यास ते शहाण्या, जाणत्या सामान्य भाविकांचेही मत गुप्तपणे विचारू शकतात. ३७७ व्या कलमात तशी सोय आहे. प्रत्यक्षात रोममध्ये दुपारी बारा वाजता घोषणा होते. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात आणि त्याच क्षणी अकोल्याच्या भाविकाला आपले नवे बिशप कोण हे कळते. त्याने त्यांचे नावही आधी ऐकलेले नसण्याची शक्यता मोठी असते.

साहेब गेले, कंपाउंड राहिले

अकोल्यातील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा अनुभव याहून पूर्णपणे वेगळा आहे. अमेरिकेतील अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन यांच्या प्रेरणेने १८८७ मध्ये उभ्या राहिलेल्या अलायन्स चळवळीने वऱ्हाड आणि खान्देश हे आपले मराठी कार्यक्षेत्र निवडले. अकोला हे त्याचे प्रमुख केंद्र होते. मार्क फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य या कामातले अग्रणी. भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर जेनी फुलर यांनी लिहिलेले पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळांत या मिशनने अनाथ मुलांना आश्रय दिला. अकोल्याला मुलांची आणि खामगावला मुलींची सोय होती. वऱ्हाडातील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या वंशावळी या दुष्काळापाशी येऊन थांबतात, कारण त्यामागचे नातेवाईकच उरले नव्हते. अशा मुलांसाठी मंडळी ही धर्मसंस्था नंतर होती. आधी ते घर होते.

मिशन कंपाउंडात राहणाऱ्याचे घर, नोकरी, मुलांची शाळा आणि रविवारची उपासना हे सारे एकाच साहेबाच्या आणि मॅडमच्या छायेत असे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना प्रवेश मिळणे कठीण होत गेले आणि हळूहळू सूत्रे भारतीय पाळक आणि पंचांकडे आली. जबाबदारी सोपवण्याची भाषा दोन्ही बाजूंनी वापरली गेली, पण सोपवले गेले त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी होत्या. एक होती आध्यात्मिक पालकत्वाची, जी माणसामाणसांतून वाहते. दुसरी होती जमिनी, बंगले आणि शाळांची, जी सातबाऱ्यावर आणि विश्वस्तांच्या यादीत वाहते. पहिल्या गोष्टीचा वारसा पुष्कळ ठिकाणी शांतपणे चालत आला. दुसऱ्या गोष्टीने मात्र मंडळ्यांना कोर्टाचे उंबरठे झिजवायला लावले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात देऊळ, चर्च यांच्या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवल्या जातात. विश्वस्त बदलले, की कलम २२ नुसार नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. निवडणूक रीतसर झाली का, सभेची नोटीस सर्वांना मिळाली होती का, मतदार यादी कोणती धरायची, यावर कोणी हरकत घेतली, की चौकशी सुरू होते. ती संपेपर्यंत पुढच्या निवडणुकीची वेळ येते आणि दुसरा चेंज रिपोर्ट दाखल होतो. एकाच संस्थेत दोन गट आपणच खरे विश्वस्त असल्याचे सांगतात आणि दोघांकडेही पावती असते. मतदार यादीचा वाद वरवर तांत्रिक वाटतो. त्याच्या तळाशी मंडळीचा सभासद कोण, हाच प्रश्न असतो. नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा सभासद आहे का? लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेली मुलगी? वर्गणी थकलेले म्हातारे? कॅथलिक पद्धतीत भाविकाला मत नाही, म्हणून या भांडणाला वाव नाही. प्रोटेस्टंट मंडळीत मत आहे, म्हणून भांडणही आहे. कोणती पद्धत बरी, याचे उत्तर अकोल्यात आणि अमरावतीत निरनिराळे मिळेल. कदाचित दोन्हीकडे समोरच्याची पद्धत बरी वाटेल!

पाळक घडवण्याचे केंद्रही या काळात हलले. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशभरातील निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या उमेदवारांना शिक्षण देणारी संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली. तीस वर्षे वऱ्हाडात असलेली ही संस्था गेल्यावर येथल्या होतकरू तरुणाला पाळक होण्यासाठी घर सोडणे भाग पडले. गेलेल्यांपैकी सगळेच परत येत नाहीत, हे वऱ्हाडाला इतर क्षेत्रांतूनही ठाऊक आहे. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अलायन्सच्या मंडळ्या त्यात सामील झाल्या नाहीत. त्यांनी आपली वेगळी ओळख राखली आणि तिच्यासोबत आपले वेगळे वादही.

लोकांचे म्हणणे

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि जगभरातील मिस्सेतून पहिले नावही काही दिवस गळले. ८ मे रोजी लिओ चौदावे यांची निवड झाली. योगायोग असा, की अमरावती धर्मप्रांताच्या स्थापनेला त्याच दिवशी सत्तर वर्षे पूर्ण झाली. एक अब्जाहून अधिक अनुयायी असलेल्या चर्चला नवा प्रमुख मिळायला सतरा दिवस पुरले. पाच जिल्ह्यांच्या धर्मप्रांताला त्यासाठी वर्षे का लागावीत, असे कोणाच्या मनात आले असेल, तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. उत्तर सरळ आहे. पोपची निवड करणारे सगळे एका छताखाली कोंडून घेतात आणि निवड झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. बिशपांच्या निवडीची फाईल मात्र दिल्ली आणि रोम यांच्यामध्ये इतर अनेक फायलींबरोबर फिरत असते. शिवाय ज्याला विचारले तो धर्मगुरू नकारही देऊ शकतो आणि मग सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनड प्रक्रियेत प्रत्येक धर्मप्रांताला आपल्या भाविकांचे म्हणणे ऐकून घेण्यास सांगितले होते. २०२४ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेल्या तिच्या अंतिम दस्तऐवजात, बिशपांच्या निवडीत लोकांचा आवाज अधिक असावा, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. उमेदवार निवडण्याचे निकष कोणते असावेत, हा प्रश्न एका स्वतंत्र अभ्यासगटाकडे सोपवण्यात आला. त्या इच्छेतून पुढे काय निघते ते रोममध्ये ठरेल. मात्र अमरावतीकडून काही विचारले गेलेच, तर उमेदवाराला मराठी येते का, यापेक्षा कोरकू शिकण्याची त्याची तयारी आहे का, हा प्रश्न मेळघाटातून येईल. अकोल्याहून दुसरा प्रश्न येईल, तो किती वर्षे राहणार?